सावकार : व्याजाचा की मानाचा?

खानापूर तालुक्यात घडणारी उपरोधिक कथा लिहिणाऱ्या एका मित्राचा प्रश्न आहे. कथेचा नायक बेळगावच्या उद्यमबागेतला गडगंज फौंड्रीमालक. तो विधानसभेला उभा राहतो. गावकरी त्याला 'सावकार' म्हणतात. पुण्याच्या वाचकाने विचारलं, "हा व्याजाने पैसे कुठे देतो?" मग 'शेठ' करावं का?

अजिबात करू नका. 'शेठ' म्हटल्यावर तो माणूस आपल्या बेळगाव-खानापूर भागातला राहणार नाही.

पुणेकराचंही चुकलेलं नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जाचे कागद जाळले, त्याची धग तिकडे या शब्दाला अजून आहे. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदाही व्याजाच्या धंद्याबद्दलच बोलतो. आपल्याला मात्र कन्नडचा शेजार. कन्नडमध्ये 'साहुकार', बोलताना 'सावकार', म्हणजे पैसेवाला, मोठा माणूस. तो व्याजाने पैसे देत असो वा नसो, हाक तीच. आपल्या मराठीतही हा मानाचा अर्थ त्यामुळेच टिकला, असं मला वाटतं.

आणि शब्दाच्या पोटात काय आहे ते बघा. संस्कृत 'साधु', त्याचं प्राकृतात 'साहु', पुढे 'साव'. चोराच्या उलट तो साव. 'साव असल्याचा आव आणणे' यातला सावही हाच. मतं मागत फिरणाऱ्या धनवंताला गाव रोज या नावाने हाक मारतं. उपरोधाला याहून चांगला शब्द मला तरी माहीत नाही.

पुणेकराच्या मनातला अर्थही वाया घालवू नका. उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात मालमत्तेबरोबर कर्जंही लिहावी लागतात. ते शपथपत्र कुणीतरी पारावर मोठ्याने वाचू दे. बँकांच्या कर्जाचे आकडे ऐकून गावाला कळेल की आपला सावकार स्वतःच ऋणको आहे. शब्दाचे दोन्ही अर्थ तिथे एकमेकांना भिडतात. तळटीप देऊन अर्थ सांगत बसू नका, पहिल्याच प्रसंगात फौंड्रीचा कामगार "सावकार, पगार कधी?" असं विचारू दे, पुण्यातही कळेल.

एक व्याकरणाची गोष्ट. 'सावकार'चं अनेकवचनही 'सावकार'च, म्हणून मान दिसतो तो क्रियापदात. प्रचारात सगळे "सावकार आले" म्हणतील. निकालाच्या संध्याकाळी, अनामत जप्त झाल्यावर, एखादी म्हातारी नुसतं "सावकार आला" म्हणू दे.