कृष्णधवल लँडस्केपमध्ये काय शार्प ठेवायचं, काय धूसर सोडायचं? तुमचे प्रश्न

सिलेक्टिव्ह फोकस, म्हणजे फ्रेममधला एखादाच भाग शार्प ठेवून बाकीचं मुद्दाम धूसर सोडायचं, ते पण ब्लॅक अँड व्हाइट लँडस्केपमध्ये, यावर बरेच प्रश्न आलेत. सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, आमच्या ग्रुपमधले सीनियर म्हणतात लँडस्केप म्हणजे एफ/११ (ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, बारीक; एफचा आकडा मोठा तितकं छिद्र छोटं), ट्रायपॉड आणि पायाजवळच्या दगडापासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प. राजमाचीचा एक फोटो दाखवला, त्यात फक्त पुढचं गवत शार्प होतं, तर म्हणाले फोकस चुकलाय. खरंच चूक आहे का?

हा वाद तुमच्या ग्रुपपेक्षा खूप जुना आहे. पीटर हेन्री इमर्सन नावाच्या इंग्लिश फोटोग्राफरने १८८९ मध्येच मांडलं होतं की आपला डोळासुद्धा एका वेळी एकच जागा स्पष्ट बघतो, मग फोटोत मुख्य विषय शार्प आणि बाकीचं थोडं मऊ असायला काय हरकत. नंतर १९३२ मध्ये अमेरिकेत अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे फोटोग्राफर मंडळींनी बरोबर उलटी भूमिका घेतली आणि आपल्या ग्रुपचं नावच एफ/६४ ठेवलं. त्यांच्या मोठ्या प्लेटच्या कॅमेऱ्यांवर सगळं शार्प हवं तर इतकं छोटं ॲपर्चर लागायचं. दोन्ही बाजूंनी उत्तम कामं झाली, त्यामुळे नियम म्हणून कुणी सांगत असेल तर मनावर घेऊ नका.

पण तुमचा फोटो मी बघितला आणि सीनियर का तसं म्हणाले ते कळलं. मागचा डोंगर अर्धवट धूसर आहे. एफ/८ ला काढलाय, डोंगराची कड ओळखू येते पण नीट दिसत नाही, आणि असं अर्धवट असलं की बघणाऱ्याला चूकच वाटते. धूसर करायचं तर ठरवून करा, इतकं की तिथे फक्त आकार आणि करडा रंग उरला पाहिजे.

प्रश्न : मुद्दाम ५० एमएम एफ/१.८ लेन्स घेतली. शेतातली एकटी बाभूळ वाइड ओपन, म्हणजे ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून काढली, तरी मागचा डोंगर काही धूसर होत नाही. ८५ एमएमची लेन्स घेऊ का?

थांबा, पैसे खर्च करू नका. एक हिशोब सांगते, मला स्वतःला हा कळल्यापासून अंदाज बांधणं फार सोपं झालं. फोकल लेंथला (लेन्सचा एमएमचा आकडा) एफ नंबरने भागा, ५० भागिले १.८ म्हणजे साधारण २८ मिलिमीटर, हा तुमच्या ॲपर्चरचा व्यास. खूप लांबच्या बॅकग्राउंडमधला प्रत्येक बिंदू, तुम्ही जिथे फोकस केलाय त्या अंतरावर मोजला तर, या २८ मिलिमीटरच्या गोलाएवढा पसरतो. आता बाभळीची फ्रेम सहा मीटरची असेल, म्हणजे फोटोत तेवढा रुंद भाग मावत असेल, तर त्यात २८ मिलिमीटर म्हणजे काय, काहीच नाही! तीच लेन्स घेऊन कुसळाच्या तुऱ्याजवळ जा, फ्रेम वीतभर झाली की तेच २८ मिलिमीटर फ्रेमचा आठवा हिस्सा होतात आणि मागचा डोंगर विरघळून जातो.

म्हणजे सिलेक्टिव्ह फोकस लहान गोष्टींचं काम आहे. ८५ ला १.८ वर व्यास ४७ मिलिमीटर होतो, पण सहा मीटरच्या फ्रेममध्ये तोही पुरत नाही. अख्खं झाड मोकळं करायचं असेल तर धुक्याची वाट बघा. पावसाळ्यात आपल्याकडे धुक्याला तोटा नाही, आणि ते जे वेगळेपण देतं ते कुठल्याच लेन्सला जमणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे फक्त कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ एमएमची झूम, म्हणजे किट लेन्स आहे. जमेल का?

जमेल. ५५ ला एफ/५.६ म्हणजे व्यास जेमतेम १० मिलिमीटर, पण ही लेन्स खूप जवळ फोकस करते, चार बोटांएवढी फ्रेम मिळते, म्हणजे प्रमाण जवळपास तेवढंच. १८ ला मात्र प्रयत्न सोडा, तिथे एफ/३.५ वर साडेचार मीटरवर फोकस केलात तरी सव्वादोन मीटरपासून पुढचं सगळं शार्प येतं.

प्रश्न : कासला सप्टेंबरमध्ये रंगीत फोटो छान आले, ब्लॅक अँड व्हाइट केले की सगळा करडा चिखल. शार्प फुलंसुद्धा उठून दिसत नाहीत.

यावर जरा सविस्तर बोलू, कारण बहुतेक सगळे इथेच अडकतात. रंगीत फोटोत तेरड्याचं गुलाबी फूल हिरव्यावर आपोआप दिसतं, पण गुलाबी आणि हिरवा दोन्ही सारखेच उजळ असतील तर रंग काढल्यावर दोन्ही एकच करडे होतात, मग नुसता फोकस किती ओझं उचलणार. धूसर केलेली गोष्ट गायब होत नाही, तिचा टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, तिथेच राहतो. म्हणून आधी टोन बघायचा, मग फोकस.

कासवर मी तेरडा सोडून गेंदाकडे वळते. पांढरे गोल गोल तुरे असतात, खाली पावसाने भिजून काळा पडलेला जांभा, याहून चांगला कॉन्ट्रास्ट शोधून सापडणार नाही. कॅमेरा तुऱ्यांच्या उंचीवर आणा, मागे जांभ्याचा काळा पट्टा किंवा सावलीतला उतार येईल असं दोन पावलं इकडेतिकडे सरका. मागे पानांच्या फटीतून आभाळ येत असेल तर ती जागा सोडाच, प्रत्येक फट धूसर होऊन पांढरं नाणं बनते आणि नजर तिकडेच जाते. रॉ मध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) काढा पण प्रीव्ह्यू मोनोक्रोम ठेवा, जागेवरच कळतं. घरी गवत उजळ करायचं तर एडिटिंगमध्ये हिरव्याच्या आधी पिवळा स्लायडर हलवून बघा, गवतात पिवळा आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप असतो.

आणि कळकळीने सांगते, फोटोसाठी फुलांवर आडवं पडू नका. आखलेल्या वाटेवर बसून फिरत्या स्क्रीनवर बघून सगळं करता येतं. एका माणसाच्या कोपराखाली किती रोपं जातात ते मी बघितलंय, फार वाईट वाटतं.

प्रश्न : उलटं केलं तर, म्हणजे लांबचा किल्ला शार्प आणि पुढचं धूसर?

मला हे जास्त आवडतं, आणि वरचाच हिशोब इथेही चालतो. लांबवर फोकस केलात की पुढची कुठलीही गोष्ट तिच्या जागेवर ॲपर्चरच्या व्यासाएवढी पसरते. ५० एमएम एफ/१.८ ला २८ मिलिमीटरपेक्षा बारीक काडी विरघळते, पुढे दरवाजाची कमान असेल तर ती मात्र ओळखू येते. फक्त पुढचं धूसर गडद ठेवा. खाली मोठा पांढरट धूसर डाग आला की किल्ल्याकडे कुणी बघतच नाही.

प्रश्न : दुपारी एफ/२ वर फोटो पांढरा पडतो.

लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला एफ/१६ वर शटर साधारण १/१०० लागतं. एफ/२ म्हणजे सहा स्टॉप जास्त उजेड (दर स्टॉपला उजेड दुप्पट), १/६४०० हवं, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांचं मेकॅनिकल शटर १/४००० ला थांबतं. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काच, लावा, १/८०० वर येतं.

प्रश्न : मोबाइलचा पोर्ट्रेट मोड चालेल?

गवताला नाही. अंतराचा अंदाज बांधून तो ब्लर टाकतो, आणि बारीक पात्यांच्या कडांवर हमखास चुकतो, अर्धं पातं शार्प, अर्धं कापलेलं. रंगीत फोटोत खपून जातं, कृष्णधवलमध्ये कडा हेच तर सगळं असतं त्यामुळे लगेच दिसतं. साधा मोड ठेवा, एखाद्या तुऱ्याच्या जितकं जवळ फोकस होईल तितकं जा आणि मागे लांबचा गडद डोंगर घ्या, खरा धूसरपणा थोडाच मिळेल पण स्वच्छ मिळेल. जवळ गेल्यावर मोबाइल आपोआप अल्ट्रावाइड लेन्सवर जातोय का तेवढं बघा, गेला तर मेन लेन्सवर परत आणा.