तालुक्यांचे डेंग्यूचे आकडे आलेखात कसे दाखवावेत? त्यासाठी आर शिकावं का?

सांगली जिल्ह्यातल्या दहाही तालुक्यांच्या डेंग्यूच्या नोंदी तुमच्याकडे एक्सेलमध्ये आहेत, बैठकीत दाखवायला आलेख हवाय, आणि त्यासाठी आर (R, आकडेवारी आणि आलेखांसाठीची संगणकाची भाषा) शिकावं का, असं तुम्ही विचारलंय. जरूर शिका. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि त्यातल्या आलेख काढायच्या जीजीप्लॉट२ (ggplot2) इतकं नेटकं साधन मला तरी दुसरं सापडलेलं नाही. एकदा लिहिलेल्या ओळी पुढच्या आठवड्याच्या फाइलवर तशाच चालतात. पण आलेखाआधी भागाकार करा.

माझ्या पहिल्या आलेखात मी नुसते रुग्ण मोजून स्तंभ उभे केले होते. मिरजेचा स्तंभ उंच, शिराळ्याचा बुटका. बैठकीत सगळी चर्चा मिरजेची झाली, शिराळ्याचं नावही निघालं नाही. घरी येऊन २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या शेजारी मांडली: मिरज तालुका साडेआठ लाख, शिराळा एक लाख साठ हजारांच्या आसपास. समजा, मिरजेत ८० रुग्ण आहेत आणि शिराळ्यात ३०. लाखामागे हिशेब केला तर मिरजेत ९ च्या आसपास पडतात आणि शिराळ्यात १८-१९. ती चूक मला आजही सलते.

मिरजेचं आणखी एक आहे. ते दवाखान्यांचं गाव. जतचा, आटपाडीचा, अगदी कर्नाटकातला रुग्णही तिथे दाखल होतो. नोंद तपासणी झाली त्या ठिकाणावर टाकली असेल, तर सगळा ताप मिरजेच्याच नावावर चढतो. म्हणून राहत्या पत्त्याचा रकाना धरा. तारखेचंही तेच. अहवालाची तारीख घेतली तर रविवारी खड्डा आणि सोमवारी टेकाड दिसतं, कारण रविवारी बऱ्याच लॅब बंद असतात. ताप आल्याची तारीख असेल तर ती वापरा, नसेल तर आठवड्याची बेरीज करा.

सगळ्यात जास्त वेळ खाणार ती नावं. ‘कवठेमहांकाळ’, ‘कवठे महांकाळ’, ‘क. महांकाळ’ आणि एखाद्या ठिकाणी शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा: आरच्या लेखी हे चार वेगळे तालुके. खानापूरऐवजी कुणी त्या तालुक्याचं मुख्य गाव विटा लिहितं. एक छोटी फाइल करा, डाव्या रकान्यात जसं लिहून आलंय तसं, उजव्यात बरोबर नाव, आणि लेफ्ट जॉइनने (left_join, दोन तक्ते समान रकान्यावरून जोडणारी आरमधली आज्ञा) मूळ नोंदींना जोडून टाका. नवं रूप सापडलं की त्यात एक ओळ वाढवायची. माझी ती फाइल आता बरीच लांब झालीय आणि मी ती जिवापाड जपतो.

मराठी अक्षरांनी मला दोन दिवस छळलं होतं. आधी नुसते चौकोन आले. फॉन्ट घातला तर ‘शिराळा’ची वेलांटी ‘श’च्या पुढे जाऊन बसली, जोडाक्षरं फुटली. आरमध्ये रॅग (ragg) नावाचं जोड-पॅकेज टाका आणि आरस्टुडिओ, म्हणजे आर ज्यात लिहितात त्या प्रोग्रामच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये एजीजी (AGG) हा पर्याय निवडा. नोटो सान्स देवनागरी फॉन्ट घेतलात की अक्षरं जागेवर येतात. नावं इंग्रजीत टाकून मोकळे होऊ नका. आशाताईंना आपल्या गावाचं नाव आपल्या लिपीत दिसलं पाहिजे.

रंगांसाठी व्हिरिडिस (viridis) ही तयार रंगमाला घ्या. आलेख शेवटी काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरच फिरतो. लाल-हिरवं तिथे एकसारखंच राखाडी होतं, व्हिरिडिसमधला गडद-फिका फरक टिकतो.

आणि एक ओळखीची रेघ द्या. पावसाळ्यात सांगलीत जो तो विचारतो, आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी, पाणी किती फूट? ४० ही इशारा पातळी, ४५ ही धोका पातळी, हे पोराटोरांनाही पाठ आहे, म्हणून ऑगस्ट २०१९ च्या महापुरातले ५७ फूट ऐकल्याबरोबर छातीत धस्स झालं. डेंग्यूच्या आकड्याला अशी पातळी लोकांच्या डोक्यात नसते. ती तुम्ही द्यायची: मागच्या पाच वर्षांची त्याच आठवड्याची सरासरी, फिक्या रेघेत, यंदाच्या रेघेमागे. एवढी रेघ दिसली की समोरचा ‘जास्त आहे का कमी?’ असं विचारत नाही, थेट गावांची नावं विचारतो.

शेवटचा आठवडा मात्र नेहमी तुटक रेघेत काढा. बरेच अहवाल यायचे बाकी असतात, त्यामुळे रेघ खाली वळलेली दिसते आणि साथ ओसरली असं वाटून कंटेनर तपासणी (घरोघरच्या पाण्याच्या भांड्यांत डासांच्या अळ्या शोधणं) सैल पडते.