बंदुकीचे मॅगझिन (काडतुसांची पेटी) वर्षानुवर्षे भरून ठेवल्यास त्यातली, काडतुसे वर ढकलणारी स्प्रिंग कमजोर होते का?

सहसा होत नाही. चांगल्या पोलादाची स्प्रिंग स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत (सोडल्यावर पुन्हा मूळ आकारात येईल इतकीच) दाबलेली असेल, तर ती सुरुवातीला किंचित आखूड होते आणि पुढे जवळपास तशीच टिकते. तिला खरे थकवते ते वारंवार भरणे आणि रिकामे करणे. काठोकाठ कोंबलेल्या मॅगझिनची गोष्ट निराळी. म्हणूनच व्हिएतनाम युद्धात अनेक अमेरिकी सैनिक एम-१६ रायफलच्या २० काडतुसांच्या मॅगझिनमध्ये १८च भरत. मला स्प्रिंगपेक्षा प्लॅस्टिकच्या मॅगझिनच्या, काडतूस अडवून धरणाऱ्या वरच्या कडांची चिंता अधिक वाटते, कारण सततच्या दाबाने त्या हळूहळू फाकू शकतात. मॅगपुल कंपनीच्या पीमॅग या प्लॅस्टिकच्या मॅगझिनच्या काही प्रकारांचे झाकण वरचे काडतूस किंचित खाली दाबून नेमका हाच भार हलका करते. काडतुसे वर सरकताना अडखळू लागली, तर आधी स्प्रिंग बदलून पाहावी. ती स्वस्त असते.