जर्मनचा क्लास बंद का केलात?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. लहानपणापासून पाश्चात्त्य गायन शिकते, आवाज सोप्रानो (बायकांचा सर्वांत उंच पट्टीचा), ट्रिनिटीच्या संगीत परीक्षांची आठवी ग्रेड झाली आहे. तळेगावचा प्लॉट विकून तिला इंग्लंडमध्ये संगीताच्या पदवीला पाठवायचं आम्ही ठरवलं आहे. मागच्या वर्षी ऑफिसच्या कामाने लंडनला गेलो तेव्हा कोलिसियममध्ये मोझार्टचा ऑपेरा पाहिला, अख्खा इंग्रजीत. ऑपेरा इंग्रजीत होतो तर इटालियन-जर्मनवर वेळ का घालवायचा? म्हणून ए-टू ही दुसरी पातळी झाल्यावर तिचा जर्मनचा क्लास थांबवला. आता रोज तीन तास रियाज, त्याचा तक्ता मी स्वतः तपासतो. दोन वर्षांत ती स्टेजवर दिसावी. अडचण एकच : अभ्यासाच्या वेळात ती आजीला कळावं म्हणून इटालियन गाण्यांखाली मराठी ओळी लिहीत बसते. ही सवय कशी मोडावी?
– एक वडील, पुणे

नमस्कार.

तुमचं मूळ पत्र चार पानी आहे. 'आम्ही ठरवलं' हे त्यात पाच वेळा आलंय, 'ती म्हणते' एकदाही नाही. माझ्याकडे येणारे बरेच वडील मुलीचं गाणं बंद करायला निघालेले असतात. तुम्ही त्यासाठी प्लॉट विकायला निघालात हे वाचून क्षणभर बरं वाटलं. मग तो तक्ता आला. टेस्ट सिरीजचा कागद असतो तसाच आहे हो तो, फक्त फिजिक्सच्या जागी गळा आला.

हे तीन तास तिच्या बाईंना माहीत आहेत का? सतरा वर्षांच्या मुलीने रोज तीन तास पूर्ण आवाजात गायचं, हे कुठलीही जबाबदार शिक्षिका सांगणार नाही. या गायकीत सरावाचा मोठा भाग गळा न वापरता होतो : शब्द वाचायचे, उच्चार पक्के करायचे, अर्थ लावायचा, स्वरलिपी डोळ्यांखालून घालायची. म्हणजे तुम्ही ज्याला वेळ घालवणं म्हणता, तेच. आणि दोन वर्षांचं विसरा. तिथली पदवीच चार वर्षांची, त्यावर मास्टर्स, त्यावर ऑपेराचं वेगळं प्रशिक्षण. मोठ्या भूमिका पेलण्याइतका सोप्रानोचा आवाज तिशीच्या आसपास भरतो. तुम्हाला घाई आहे म्हणून तो लवकर भरणार नाही.

आता तुमचा मुख्य समज. तुम्ही पाहिलंत ते खरं आहे. कोलिसियम हे इंग्लिश नॅशनल ऑपेराचं घर. लंडनच्या साध्या माणसाला ऑपेरा त्याच्या भाषेत ऐकता यावा, या लिलियन बेलिस नावाच्या बाईंच्या हट्टातून ही संस्था उभी राहिली. १९३१ पासून सॅडलर्स वेल्स थिएटरमध्ये, १९६८ पासून कोलिसियममध्ये. पण तिथून दहा मिनिटं चालत गेला असतात, तर कोव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाऊसला तोच मोझार्ट इटालियनमध्ये ऐकू आला असता. जगातली बहुतेक मोठी ऑपेरागृहं आज मूळ भाषेत गातात. पूर्वी तसं नव्हतं. व्हिएन्नाला संगीतकार माहलर ऑपेराचे संचालक होते त्या काळात मोझार्टचे इटालियन ऑपेरा जर्मनमध्ये व्हायचे आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. मग १९८३ मध्ये टोरांटोला रंगमंचाच्या वर अनुवादाची पट्टी झळकली, सरटायटल्स. अर्थ वर वाचायला मिळू लागल्यावर भाषांतरात गाण्याची गरज बरीच ओसरली. गंमत म्हणजे २००५ पासून इंग्लिश नॅशनल ऑपेरानेही ही पट्टी लावली, इंग्रजी गाण्यावर इंग्रजी पट्टी! कारण सोप्रानो फार वर गेली की भाषा कुठलीही असो, स्वर एकमेकांत मिसळतात. 'ई' आणि 'आ' यांतला फरक कानाला कळत नाही. तुमच्या लेकीचं कॉन्व्हेंटचं इंग्रजी कितीही उत्तम असलं तरी तिथे त्याचा काही इलाज नाही.

शिवाय इंग्रजीत पाठ केलेली भूमिका त्या एका अनुवादापुरती असते. दुसऱ्या संस्थेचा अनुवाद वेगळा असला की शब्द पुन्हा पाठ. मोझार्टचा इटालियन 'फिगारो' एकदा तोंडात बसला की म्युनिकलाही चालतो, न्यूयॉर्कलाही. फक्त इंग्रजीत गाणाऱ्या संस्था आहेत, अमेरिकेत सेंट लुईसची आहे, पण तो उन्हाळ्यातला महोत्सव. आणि तुम्ही पाहिलेल्या संस्थेचं नियमित सरकारी अनुदान आर्ट्स कौन्सिलने २०२२ च्या नोव्हेंबरात काढून घेतलं, लंडनबाहेर जा म्हणून सांगितलं. पुढे तडजोड झाली, मँचेस्टर परिसरात दुसरं घर करायचं ठरलं. मुलीची दहा वर्षं या एका दारावर टांगू नका. आणि प्रवेशाच्या ऑडिशनलाच बहुतेक ठिकाणी एकापेक्षा जास्त भाषांतली गाणी मागतात. तिथे काय करणार होतात?

याचा अर्थ मी अनुवादाच्या विरोधात आहे असं नाही. उलट. मोझार्टच्या 'डॉन जिओव्हान्नी'त नोकर मालकाच्या प्रेयसींची यादी वाचतो आणि स्पेनचा आकडा येतो : एक हजार तीन. पट्टी असली की लोक गायकाच्या तोंडून आकडा यायच्या आत वाचून हसून मोकळे होतात. स्वतःच्या भाषेत ऐकताना हसू बरोबर जागेवर पडतं. मराठी माणसाला हे सांगायला नको. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये कालिदासाचं शाकुंतल मराठीत गायला लावलं, तेव्हा संस्कृतचा अपमान झाला असं कोण म्हणालं? पण अण्णासाहेबांना संस्कृत येत होतं, हे लक्षात घ्या.

म्हणूनच मी तिच्या त्या मराठी ओळींच्या वहीपाशी अडकले. तुम्ही सवय म्हणता, आपल्या नाटकवाल्यांकडे त्याला चालीवर शब्द बसवणं म्हणतात. नुसता अर्थ उतरवून भागत नाही. जोर ज्या सुरावर आहे तिथेच वजनदार शब्द हवा, लांब सुराला मोकळा स्वर हवा, वरच्या सुरांत गळा आवळणारा 'ई' टाळायला हवा. इटालियन शब्द बहुधा स्वरात संपतात, इंग्रजीचे बरेचसे व्यंजनात मिटतात. मराठी कुठेतरी मध्ये. हे सगळं ही मुलगी आजीसाठी, कुणी न सांगता करते आहे. वॅग्नरचं चार रात्री चालणारं जर्मन ऑपेराचक्र 'रिंग' इंग्रजीत गाण्याजोगं करणारे अँड्र्यू पोर्टर मूळचे संगीत समीक्षक होते, गायक नव्हे. ऑपेरागृहात गायकांना उच्चार शिकवणारे कोच असतात, तालमीला पियानोवर बसून भूमिका बसवून घेणारे असतात, स्वरलिपी वाचत नेमक्या क्षणी पट्टी बदलणारे असतात. या जागा थोड्या आहेत, फसवत नाही तुम्हाला. पण नायिकेच्या जागा त्याहून थोड्या आहेत, आणि या कामांना लागते ती भाषा पुण्यात राहूनही पोट भरू शकते.

तेव्हा उद्याच मॅक्स म्युलर भवनला फोन करा आणि बी-वनच्या बॅचची चौकशी करा. इटालियन त्यानंतर. तिला सांगा की तिला एक छुपा फायदा आहे : इटालियनमधले 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दंत्य आहेत, इंग्रज मुलांना ते घासून शिकावे लागतात. जर्मनचा 'यू'वरच्या दोन टिंबांचा स्वर मात्र देवनागरीत लिहून येणार नाही, तो कानानेच. सीईटी द्यायची तर देऊ द्या, बिघडत नाही. इंग्लंडचे संगीताचे अर्ज साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात. यंदा घाई करण्यापेक्षा एक वर्ष थांबलं तरी चालेल. इथेच पदवी घेत भाषा आणि गाणं दोन्ही करायचं, मग मास्टर्सच्या वेळी बाहेर जायचं, हाही रस्ता आहे. प्लॉट तोवर विकू नका. आणि तक्ता फाडा.

तिला गायिका व्हायचंय का, हे मला तुमच्या पत्रावरून कळलेलं नाही. व्हायचं असेलही. पुढचं पत्र तिने लिहावं, तुम्ही पाकीट चिकटवून द्या हवं तर. सोबत वहीतलं एक पान पाठवायला सांगा, 'फिगारो'तल्या 'वोई के सापेते' या गाण्याचं असेल तर फारच छान. त्यातली पहिली ओळ 'आमोर', म्हणजे प्रेम, या शब्दावर संपते, जोर शेवटच्या अक्षरावर. 'प्रेम' लिहिलं तर ओठ मिटतात, 'प्रीती' लिहिलं तर शेवटी 'ई' येतो. तिने तिथे काय बसवलंय, ते मला बघायचंय.