खोकताना लघवी निसटते

प्रश्न : दुसऱ्या बाळंतपणाला चार महिने झाले. खोकला आला किंवा बाळाला पाळण्यातून उचलले, की थेंबभर लघवी निसटते. असे का होते?

उत्तर : योनिमार्गे प्रसूती होताना मूत्राशयाला खालून आधार देणारे स्नायू ताणले जातात, आणि बाळ वजनदार असल्यास किंवा बाळ बाहेर काढायला चिमटा (फोर्सेप्स) लावावा लागल्यास हा ताण आणखी वाढतो. गरोदरपणातही लघवी निसटत होती का, हे आठवून पाहा. बाळंतपणानंतरही ती निसटू शकते, याचा तो बोलका इशारा असतो. वाढलेले वजन, जुना खोकला आणि बद्धकोष्ठता त्यात भर घालतात. सिझेरियनने धोका कमी होतो, संपत नाही. ‘बाळंतपणानंतर असे चालायचेच’ हा घरचा सल्ला मात्र मानू नका. लघवी अडवताना आवळले जाणारे स्नायू दिवसातून 3 वेळा, दर वेळी किमान 8 दा आवळून सोडण्याचा व्यायाम 3 महिने करा. लघवी करताना जळजळ होत असल्यास आधी लघवीची तपासणी करून घ्या.