दातांचे प्रश्न, दातांची उत्तरं (जून २०२१)

गेल्या अंकात प्रश्न पाठवा म्हटलं आणि मेलबॉक्स भरला. निम्म्या पत्रांत एकच वाक्य आहे, "लॉकडाऊन आहे म्हणून थांबलोय". त्यातले काही प्रश्न आज घेतेय.

प्रश्न : मार्चमध्ये पुण्यात रूट कॅनल चालू केलं, दोन सिटिंग झाल्या आणि मग जिल्हाबंदी लागली. आता गावी बार्शीला आहे, वरचं पांढरं सिमेंट पडून गेलंय, दुखायला लागलं की मेडिकलवाला पाच दिवसांच्या गोळ्या देतो आणि थांबतं, परत दहा-बारा दिवसांनी सुरू. आई लवंगेचं तेल लाव म्हणते, आजी मिश्री लाव म्हणते. काय करू?

आजीला म्हणावं मिश्री नको, तो तंबाखूच आहे. लवंग तेल कापसाच्या बोळ्यावर घेऊन दाताच्या खड्ड्यात ठेवलं तर तासभर बरं वाटेल, हिरडीवर लावलं तर भाजेल. माझ्याकडे परवा एकजण आले, त्यांनी अ‍ॅस्पिरिनची गोळी गालात दाबून ठेवली होती रात्रभर, आतली कातडी पांढरी होऊन सोलून निघालेली. दात तसाच दुखत होता ते वेगळंच.

आता गोळ्यांचं. रूट कॅनलमध्ये आतली नस काढून टाकलेली असते, म्हणजे त्या नळीत रक्तपुरवठाच नाही, मग तुम्ही गिळलेलं अँटिबायोटिक तिथे पोचणार कुठून? ते आजूबाजूची सूज कमी करतं, घाण आत तशीच राहते. आणि ते पांढरं सिमेंट टेंपररी असतं, दोन-तीन आठवडे धरेल एवढंच, ते पडलं की थुंकी, भाकरीचे कण, सगळं आत. हा कोर्स तिसऱ्यांदा घेऊ नका.

पुण्याला जायची गरजच नाही. त्या डॉक्टरांना फोन करा, एक्स-रे व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा आणि किती कॅनाल (मुळातल्या नळ्या) सापडले, किती लांबीपर्यंत साफ केलेत, आत कुठलं औषध ठेवलंय एवढं लिहून घ्या. ते घेऊन बार्शीतल्याच डेंटिस्टकडे जा. दुसऱ्याचं अर्धं काम हातात घ्यायला आम्ही लोक जरा कुरकुरतो, खोटं कशाला बोलू, पण माहिती हातात असली की करतो.

आणि दवाखाने बंद आहेत हे डोक्यातून काढा. ते २०२० चं होतं. १९ मे २०२० ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने नियम काढले होते, कंटेनमेंट झोनमध्ये (कोविडमुळे सील केलेला भाग) दातांचा दवाखाना बंद आणि फक्त फोनवर सल्ला, रेड झोनमध्ये (जास्त रुग्ण असलेले जिल्हे) फक्त इमर्जन्सी, बाकी ठिकाणीही अर्जंट कामंच. लोकांच्या मनात तेच बसलंय. २०२१ च्या 'ब्रेक द चेन'मध्ये, म्हणजे राज्याच्या लॉकडाऊनच्या नियमांत, दवाखाने अत्यावश्यक सेवेत होते, पहिल्या दिवसापासून.

एक मात्र लक्षात ठेवा. जबड्याखाली सूज उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री मोठं हॉस्पिटल. बाहेरून शेक तर अजिबात देऊ नका.

प्रश्न : साधं दात साफ करायला गेलो तर बिलात पीपीई किटचे वेगळे पैसे लावले. हे बरोबर आहे का? – ठाणे

न सांगता लावले असतील तर नाही. खर्च खरा आहे. क्लीनिंगचं मशीन पाणी उडवतं, एअरोटर (दात कोरायचं ड्रिल) मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो, त्याचा जो फवारा उडतो त्यात पेशंटची थुंकी असते आणि आमचं तोंड तिथून वीतभर लांब. म्हणून कोविडच्या काळात किट, मास्क, मधे खोली रिकामी ठेवणं, दिवसाला पेशंट कमी. पण हे अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगायला हवं, तुम्हीही विचारा. परवडत नसेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज आहे, नायरचं आहे. रांग असते, वेळ काढून जा.

प्रश्न : आई ६१ वर्षांची, शुगर आहे. एप्रिलमध्ये कोविड झाला, ऑक्सिजन आणि स्टेरॉइड दिले, घरी आली. आता डाव्या बाजूचे वरचे तीन दात एकदम हलायला लागलेत, गाल बधिर वाटतो म्हणते. वयामुळे असेल, सगळं नीट उघडलं की दाखवू असं बाबांचं म्हणणं आहे. – जालना

बाबांना हे पान वाचून दाखवा आणि आजच निघा.

वयाने दात हलतात ते हळूहळू, वर्षं लागतात. एकाच बाजूचे वरचे दात दोन-चार आठवड्यांत एकदम हलणं, सोबत गाल बधिर, त्यात शुगर आणि स्टेरॉइड, हे म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) नाही असं सिद्ध होईपर्यंत म्युकरच धरायचं. बुरशी सायनसमधून वरच्या जबड्यात उतरते, रक्तवाहिन्या बंद करते, हाड मरायला लागतं, म्हणून दात हलतात. लोक टाळूवर काळं दिसायची वाट बघतात, नाव 'काळी बुरशी' पडल्याचा हा तोटा, काळं दिसतं तोवर उशीर झालेला असतो. नाकातून काळपट पाणी, डोळ्याखाली सूज, एकाचे दोन दिसणं, हिरडीतून पू, यातलं काही आहे का तेही बघा.

कुणाकडे जाऊन नुसते दात उपटून घेऊ नका. कान-नाक-घसा विभाग आणि दंतविभाग दोन्ही असलेलं हॉस्पिटल गाठा, तुम्हाला औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) जवळ, तिथे घाटी (सरकारी हॉस्पिटल) आणि सरकारी डेंटल कॉलेज दोन्ही आहे. स्कॅन होईल, तुकडा काढून तपासतील, अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाची इंजेक्शनं आणि बहुतेक ऑपरेशन. शुगर आजच मोजा, ती आटोक्यात नसेल तर औषधही नीट लागू पडत नाही. खर्चाचं टेन्शन असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हा आजार घेतलाय, रेशनकार्ड आणि डिस्चार्जचा कागद बरोबर ठेवा आणि हॉस्पिटलात आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) भेटा.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टरला शिकतो, अक्कलदाढ दुखतेय, पाच डेंटिस्टना फोन केले, सगळे म्हणतात नवीन एनएचएस (तिकडची सरकारी आरोग्यसेवा) पेशंट घेत नाही. कुरिअरने गोळ्या पाठवू का?

नका पाठवू. तिकडे २५ मार्च २०२० ला रूटीन दंतसेवा थांबवली, ८ जूनला परत उघडली, पण फवाऱ्याच्या कामानंतर तासाभरापर्यंत खोली रिकामी ठेवावी लागायची, त्यामुळे दिवसाला पेशंटच मोजके. एप्रिल २०२१ पासूनसुद्धा नेहमीच्या ६० टक्के कामाचंच टार्गेट दिलं होतं. वर्षभराचा बॅकलॉग आहे, पोराचा दोष नाही. त्याला १११ ला (एनएचएसची हेल्पलाइन) फोन करायला सांगा आणि "रजिस्टर करायचंय" असं म्हणू नको, "अर्जंट आहे, दुखतंय, सूज आहे" असं स्पष्ट सांग म्हणावं. अर्जंट उपचाराचे २०२१ मध्ये २३.८० पौंड होते, दाढ काढली तरी त्यातच. आणि जीपीसारखी (तिकडचा फॅमिली डॉक्टर) एरियाची अट दातांना नाही, शेजारच्या गावात नंबर लागला तर तिकडे जाता येतं.

प्रश्न : ताई, ब्रेसेसची तार मागे गालात टोचतेय, माझे ऑर्थो (ब्रेसेसचे डॉक्टर) नाशिकला आणि मी मामाकडे धुळ्याला अडकलेय.

अगं, मेडिकलमध्ये ऑर्थो वॅक्स (ब्रेसेसवर लावायचं मेण) मिळतं, दात कोरडा करून चण्याएवढा गोळा त्या टोकावर दाब. वॅक्स नसेल तर पेन्सिलचं मागचं स्वच्छ रबर घेऊन तार हळूच दाताकडे वळव. कात्रीने कापायला जाऊ नकोस, तुकडा घशात जातो. आणि ऑर्थोना फोटो पाठव, दोन महिने कुणी न बघता रबरची चेन ओढत राहणं बरं नाही, तिथल्या कुणाकडून ती सैल करून घ्यायची का ते त्यांनाच विचार.