नवऱ्याने घराबाहेर काढलंय, माहेरी आहे, हातात पैसा नाही. वकील आणि कामधंद्यासाठी मदत कुठे मिळेल?

ताई, तुम्ही लिहिलंय की लग्नाला सहा वर्षं झाली, मुलगी चार वर्षांची आहे, दोन महिन्यांपूर्वी नवऱ्याने मारहाण करून पुण्यातल्या घरातून काढलं आणि आता तुम्ही खटाव तालुक्यात माहेरी आहात. शिक्षण बारावी, दागिने सासूकडे. भाऊ म्हणतो, केस पुण्यालाच करावी लागेल आणि वकिलाची फी आपल्याला झेपणार नाही. मी शेजारच्याच तालुक्यातली. अकरा वर्षांपूर्वी मुलाला कडेवर घेऊन मीही अशीच माहेरी आले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

भावाला आधी सांगा, पुण्याला जायची गरज नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाई सध्या जिथे राहते, मग ते तात्पुरतं का असेना, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो. तुमचा अर्ज वडूजच्या कोर्टात चालेल. या अर्जासाठी घटस्फोट मागावा लागत नाही. फीचं म्हणाल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. कोर्टात जाऊन तालुका विधी सेवा समिती कुठे बसते ते विचारा आणि अर्ज द्या. जाण्याआधी काही विचारायचं असेल तर १५१०० वर फोन करा. नेमलेल्या वकिलाने तुमच्याकडे पैसे मागितले तर देऊ नका, साताऱ्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. वकील बदलून मागता येतो.

उत्पन्नाच्या अटीचं मुद्दाम लिहिलं. मला एका कार्यालयात सांगितलं होतं, आधी उत्पन्नाचा दाखला आणा, मग बघू. मी आठ दिवस सेतू केंद्रात हेलपाटे घातले. तेवढ्यात सासरच्यांनी गावात बैठक बसवली. चार मोठी माणसं समोर, वडील मान खाली घालून बसलेले, आणि स्टॅम्पपेपरवर माझ्याकडून लिहून घेतलं की मी राजीखुशीने घर सोडलं. पोटगीच्या केसमध्ये तोच कागद माझ्यापुढे धरला गेला. तो दबावाखाली लिहून घेतला हे सिद्ध करण्यात दीड वर्ष गेलं. म्हणून हात जोडून सांगते, बैठकीला कुणी बोलावलं तरी वकिलाने वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका. लोकअदालतीतही घाई नको. तिथे तडजोड झाली की त्यावर अपील नाही.

वकील मिळेपर्यंत संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. हे महिला व बालविकास विभागाचे असतात. तुमचं ऐकून ते कौटुंबिक घटना अहवाल तयार करतात आणि तो कोर्टात जातो. मारहाणीनंतर दवाखान्यात गेला असाल तर ते केसपेपर, लग्नातले दागिने दिसणारे फोटो, सोनाराच्या पावत्या, नवऱ्याचे मेसेज, जे असेल ते एका फाईलमध्ये लावा. स्त्रीधन तुमचंच आहे आणि याच अर्जात ते परत मागता येतं. कायद्यात साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असं लिहिलंय, माझ्या अर्जाला त्याहून कितीतरी जास्त लागले. त्यामुळे पहिल्याच तारखेला अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, पोटगी मागायला वकिलांना सांगा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ठरवून दिलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची आणि दोघांनीही आपली मिळकत प्रतिज्ञापत्रावर सांगायची. अर्ज करायला जितका उशीर कराल तितके महिने तुमचे बुडाले. नवऱ्याची कंपनी, पगार, गाडीचा हप्ता, शेत, जे माहीत आहे ते आजच वहीत उतरवून काढा.

आता पैशाचं. खातं फक्त तुमच्या नावाचं हवं, आणि त्याला जोडलेलं सिमही तुमच्याच हातातलं. माझ्या खात्याला नवऱ्याचा नंबर होता, मी दोनशे रुपये काढले तरी त्याला मेसेज जायचा. जनधन खातं शून्य रकमेवर उघडतं. आधारला जोडलेला मोबाईल नंबरही बदलून घ्या.

मग गावातल्या बचत गटात जा. उमेदचे, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे गट असतील, नाहीतर माविमचे, म्हणजे १९७५ साली सुरू झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाचे. गटातलं कर्ज छोटं असतं, पण मला त्याहून जास्त उपयोग बायकांचा झाला. तारखेच्या दिवशी मुलाला कोण सांभाळणार, कोर्टात सोबत कोण येणार, हे सगळं गटाने वाटून घेतलं. पुढे धंद्याचा विचार असेल तर म्हसवड तुम्हाला जवळ आहे. तिथल्या माणदेशी महिला बँकेला आधी रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला होता, कारण प्रवर्तक बायका अंगठा लावणाऱ्या होत्या. त्या अक्षरं शिकल्या, पुन्हा गेल्या, व्याजाचा तोंडी हिशेब करून दाखवतो म्हणाल्या, आणि १९९७ साली बँक उभी राहिली. शेळी, शिवणयंत्र, भाजीची गाडी यांचा हिशेब त्यांना आपल्यासारखाच कळतो.

नोकरीसाठी बारावी कमी नाही. अंगणवाडी सेविकेला बारावीच लागते, मात्र ती त्याच गावची रहिवासी हवी. म्हणून रेशनकार्डावर आणि आधारवर माहेरचा पत्ता आत्ताच लावून घ्या. जाहिरात निघाल्यावर धावपळ करून होत नाही. आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा असतात, आणि पदवी हवी असेल तर मुक्त विद्यापीठ आहे. मी एमएससीआयटी केलं आणि एका पतसंस्थेत पिग्मी गोळा करायला लागले. पायात चपला झिजल्या, पण बाजारपेठेतलं प्रत्येक दुकान मला नावाने ओळखू लागलं. चार वर्षांनी तिथेच टेबलावर बसले.

जीवाला धोका वाटला तर ११२ किंवा १८१. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथे काही दिवस राहण्याची सोय, समुपदेशक आणि कायद्याचा सल्ला एका छताखाली मिळतो.

वडूजला जाल तेव्हा अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. उद्या या म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय निघू नका. मुलीच्या जन्माच्या दाखल्याची झेरॉक्सही सोबत असू द्या, तिचीही पोटगी त्याच अर्जात मागायची आहे.